चेअरमनांचा खवा

"थांब," बब्रुवानआण्णा म्हणाले आणि त्यांनी गजराबाईच्या उलथन्याचा दांडा वरच्या वर धरला.

कढईत दहा लिटर म्हशीचं दूध आटून निम्म्याच्या खाली आलं होतं. मोठे बुडबुडे जाऊन बारीक बुडबुडे यायला लागले होते, आणि इथून पुढं हात थांबवायचा नसतो हे खव्यासाठी नावाजलेल्या भूमकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गजराबाई तर तीस वर्षं भट्टीपुढं बसलेली बाई. तिनं दांडा ओढून बघितला. आण्णांनी सोडला नाही.

"आण्णा, बुडाला लागंल."

"लागू दे. इतकं ढवळल्यावर दाणा धरायचा कसा? दाणा मोडतो की."

"खव्याला कशाचा दाणा, आण्णा?"

आण्णा हसले. वार्षिक सभेत मागच्या रांगेतला एखादा सभासद उठून प्रश्न विचारायचा तेव्हा ते असंच हसत. मग तो सभासद आपोआप खाली बसायचा.

"रामहरी," ते मागं उभ्या असलेल्या मॅनेजरला म्हणाले, "हिला सांग, साखर कारखान्यात पॅनमधी उसाचा रस उकळतो तवा कोण ढवळत बसतं का?"

"न्हाय, आण्णा," रामहरी म्हणाला. रामहरी आधी कारखान्याच्या लॅबोरेटरीत होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं. पण नोकरी आणि खरं बोलणं यांतलं एकच काहीतरी सांभाळता येतं, हेही त्याला ठाऊक होतं.

बब्रुवानआण्णा बावीस वर्षं साखर कारखान्याचे चेअरमन होते. साखरेतलं त्यांना कितपत कळतं, हे खरं तर पॅनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारायला हवं होतं. पण त्याला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं. दर हंगामाला पहिल्या पाच पोत्यांची पूजा आण्णा करायचे. बावीस वर्षं पूजा करून करून त्यांची खात्रीच पटली होती, की साखर आपणच करतो. आणि ज्याला साखर करता येते त्याला दुसरं काय येत नाही? गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला ते धाराशिवला गेले तेव्हा चिरा कुठून द्यायचा हे त्यांनी डॉक्टरला टेबलावर पडल्या पडल्या सांगितलं होतं. गावातल्या भजनी मंडळाला त्यांनी एकदा पखवाज उलट्या बाजूनं धरून वाजवायला सांगितलं. मंडळानं महिनाभर तसा वाजवलाही, कारण देवळापुढच्या मंडपाचे पत्रे आण्णांनी दिले होते.

आता त्यांनी खव्याचा प्रकल्प काढला होता. नातीच्या नावानं 'शिवांजली दुग्ध प्रकल्प'. वाफेवरच्या चकचकीत कढया आल्या, ढवळायच्या मोटारी आल्या, रंगीत पत्र्याची शेड उभी राहिली. फक्त खव्याला चव येईना. आज पुण्याच्या एका मोठ्या मिठाई कंपनीचे साहेब नमुना बघायला येणार होते. नमुना पास झाला तर वर्षभराचा करार. म्हणून शेडच्या मागं घाईघाईनं विटांची भट्टी रचून गजराबाईला बोलावलं होतं.

गोम अशी होती, की करार झाला तर एक तारखेपासून गावातलं सगळं दूध प्रकल्पाला जाणार होतं. दूध सोसायटीही आण्णांचीच, तेव्हा त्यात बोलायला जागा नव्हती. गजराबाईच्या घरच्या दोन म्हशी होत्या, पण त्यांच्या दुधावर घरचा चहा आणि रतीब भागायचा. भट्टीला गावातलं दूध लागायचं. म्हणजे नमुना जमला तर तिची स्वतःची भट्टी बंद. तिच्या सासूनं मांडलेली, तिनं तीस वर्षं पेटती ठेवलेली. बदल्यात तिला प्रकल्पात काम मिळणार होतं. डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून डबे पुसायचं.

सकाळी शेरडं सोडता सोडता नवऱ्यानं, धुळाप्पानं, तिला अक्कल दिली होती.

"जाळ जरा वाढव आन दोन मिन्टं हिकडं तिकडं बघत बस. करपला की नमुना नापास. परकल्प गेला उडत."

"आन माझं नाव?"

"नाव चाटायचंय का? भट्टी ऱ्हाईल न्हवं?"

गोष्ट पटण्यासारखी होती. वाटेनं येताना गजराबाईनं मनाशी पक्कं केलंही होतं. पण भट्टीपुढं पाट टाकून बसली, दुधाला उकळी आली, आणि हात आपला आपण फिरायला लागला. ती मुद्दाम गावाकडं बघायची, शेडकडं बघायची, बांधावरच्या बाभळी मोजायची. हात चालूच. कडेची साय खरवडून मधे घेत होता, बूड सोडवत होता. पोटच्या पोराला उपाशी ठेवायचं ठरवावं आणि त्यानं रडायच्या आत आपणच पदर सावरून बसावं, तसं झालं होतं तिचं. हात ऐकत नव्हता, त्याला ती तरी काय करणार?

आणि आता ज्यांच्यासाठी नमुना करायचा त्या आण्णांनीच दांडा धरून ठेवला होता.

देवानं आयतं ताट वाढून पुढं सरकवलं होतं. गप्प बसली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. पण कढईतून 'चर्र' असा बारीक आवाज आला आणि गजराबाईच्या तोंडून शब्द निघून गेले.

"आण्णा, पाया पडते, सोडा. दूध धरायला लागलं बुडाला."

"धरू दे. रामहरी, काच आण."

रामहरीनं खिशातून कारखान्यात साखरेचा दाणा बघायची काचेची पट्टी काढली. ती त्यानं सकाळीच खिशात ठेवली होती. आण्णांना तो ओळखून होता. आण्णांनी उलथन्याच्या टोकावरचा दुधाचा थेंब पट्टीवर घेतला, उन्हाकडं धरला आणि एक डोळा मिटला.

"बघ. दाण्याचा पत्ता न्हाय. बी टाकल्याबिगर पीक येतं व्हय? साखर आण वंजळभर. आपल्या कारखान्याची."

"आण्णा, खव्यात साखर न्हाय टाकत," गजराबाई म्हणाली. "ती पेढ्यात. खवा पांढरा, निव्वळ दुधाचा."

"तुला किती पडतो गं खवा? पाच लिटरला?"

"किलोभर."

"म्हंजी वीस टक्के उतारा!" आण्णा रामहरीकडं वळले. "आमी उसाला अकरा पडला तर पेपरात फोटो छापतो. वीस टक्के उतारा हातात आसून ह्या लोकांची परगती का न्हाय झाली, सांग बरं? शास्त्र न्हाय. नुसतं ढवळायचं."

"बराबर हाय, आण्णा."

ओंजळभर साखर कढईत पडली. ती विरघळली, पातळ झाली आणि खाली जाऊन बुडाला बसली. थोड्या वेळानं कढईच्या मधोमध एक तांबूस डाग उमटला, मग तो पसरला. आधी वास आला तो गोडसर होता. मागून आला तो साधा, उघड, करपल्याचा वास होता.

"हां," आण्णांनी छाती भरून श्वास घेतला. "पाकाचा वास. आता जमलं."

त्यांनी दांडा सोडला. गजराबाईनं उलथनं घातलं तर बूड खडखड वाजलं. काळे पापुद्रे वर आले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं; धुरानं आलं असं तिनं स्वतःला सांगितलं, पण ते धुराचं नव्हतं. दहा लिटर चांगलं म्हशीचं दूध. जी गोष्ट मनात आणून तिला करता आली नव्हती, ती या माणसानं मनात नसताना करून दाखवली होती. मग पदरानं डोळे पुसता पुसता तिला आठवलं, की आता भट्टी वाचली. आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं.

साहेब अकराला आले. गोरे, उंच, बिनबाह्यांचं जाकीट घातलेले. ते आधी वीस वर्षं साबणाच्या कंपनीत होते, असं त्यांच्या ड्रायव्हरनं रामहरीला सांगितलं. मिठाईत येऊन त्यांना आठच महिने झाले होते. पण ज्यानं साबण खपवला त्याला खवा काय अवघड आहे, असा कंपनीचा हिशेब होता, आणि साहेबांचाही.

स्टीलच्या ताटात तो तपकिरी गोळा ठेवला होता. साहेबांनी खिशातून छोटा चमचा काढला, कोपऱ्यातून टवका घेतला, डोळे मिटले. सगळे त्यांच्या जिभेकडं बघत असल्यासारखे उभे राहिले. गजराबाई भिंतीला टेकून होती. थुंकणार, आता थुंकणार, असं ती मनात म्हणत होती.

साहेबांनी एक डोळा किंचित उघडला. समोर आण्णा होते. दोन्ही हात कमरेवर, मान ताठ, चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नाही. इतक्या खात्रीनं उभा राहिलेला माणूस चुकीचा असेल तर आपल्यालाच काही कळत नसणार, असं साहेबांना वाटलं असावं. त्यांनी डोळा परत मिटला.

"स्मोकी आहे," ते सावकाश म्हणाले.

"आहेच," आण्णा म्हणाले.

"आणि एक... कुरकुरीतपणा."

"दाणा म्हणतात त्याला. तो धरावा लागतो."

"वा! हेच ते. शहरात हे मिळतच नाही हो. अस्सल गावरान! कुणी बनवलाय?"

"म्या सोता उभं ऱ्हाऊन करून घेतला," आण्णा म्हणाले. साहेब एवढे खूश झाले, की आण्णांनाही पहिल्यांदाच वाटलं, आपण जे केलं ते आपल्याला वाटत होतं त्याहूनही भारी होतं.

करार झाला. टाळ्या वाजल्या. गजराबाईनंही वाजवल्या, सगळे वाजवत असताना आपण एकटीनं हात बांधून उभं राहायचं कसं?

एक तारखेला गजराबाईच्या घरची भट्टी विझली.

प्रकल्पाच्या भिंतीवर पाटी लागली. 'चेअरमन पद्धत : दूध निम्म्यावर येताच ढवळणे बंद करावे. दाणा मोडू नये.' वाफेच्या कढयांत आपोआप ढवळणाऱ्या मोटारी बसवल्या होत्या, त्या ऐन वेळेला बंद करायला एक माणूस नेमला. रोज डबेच्या डबे तपकिरी खवा पुण्याला जायला लागला. प्लास्टिकची टोपी घालून गजराबाई ते डबे पुसायची. प्रकल्पात तीस माणसं होती आणि उरलासुरला खवा फुकट न्यायला मुभा होती. एकही माणूस घरी नेत नव्हता.

धुळाप्पानं भट्टीच्या खळग्यात शेळीची दोन करडं बांधली. राख उबदार होती म्हणून नव्हे, जागा मोकळी होती म्हणून. गजराबाई कामावरून आली की त्या करडांकडं बघायची आणि चुलीपुढं बसायची. तिच्या उजव्या हाताला नवीनच खोड लागली होती. जेवता जेवता, बोलता बोलता तो मांडीवर गोल फिरायचा.

"ह्याला बांधून ठिव," धुळाप्पा म्हणायचा. हसत म्हणायचा, पण त्यालाही ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी, उन्हं जरा कलल्यावर, दारात जीप थांबली. ड्रायव्हर कोंडीरामनं दुधाचे दोन कॅन उतरवले. मागून आण्णा उतरले. त्यांनी आधी गल्लीच्या या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला बघितलं आणि चट्कन भट्टीच्या छपरात शिरले.

"गजराबाई, भट्टी पेटव."

"भट्टीत करडं हायती, आण्णा."

"काढ ती. वीस लिटर हाय. खवा पायजे."

गजराबाई जागची हलली नाही. "तुमच्याकडं तर डबे पडल्यात की. म्याच पुसल्यात काल."

आण्णा बाजेवर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली, परत घातली.

"शिवांजलीचा साखरपुडा हाय परवा. पेढं वाटायचंत. म्या परकल्पातला खवा नेला तर तुझी वैनी..." ते थांबले. वैनी म्हणजे कडूबाई, आण्णांची बायको. आण्णांचं न ऐकणारी जिल्ह्यातली एकमेव व्यक्ती. "ती म्हणती, पेढं गजराच्या हातचं, न्हायतर म्या खडीसाखर वाटते. पावण्यांपुढं म्हणली."

धुळाप्पानं खोकला आल्याचं दाखवून तोंड फिरवलं.

"आन त्यातलाच दोन किलो अलग बांध," आण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "पुण्याच्या सायबाला. त्येंच्या घरी आपला खवा... म्हंजी, त्येंच्या मिसेसला पचत न्हाय."

गजराबाईनं करडं सोडली. राख उपसली, बाभळीचे दोन ओंडके खळग्यात सारून पेटवले, कढई चढवली. वीस लिटर एका वेळी मावत नव्हतं, म्हणून आधी दहा ओतलं. तीन आठवड्यांनी हातात दांडा आला आणि तिला हलकं वाटलं, इतकं हलकं की ती आण्णांना विसरूनच गेली. आण्णा बाजेवरून उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले. या वेळी ते बोलत नव्हते. धुळाप्पा शेरडांमागं निघून गेला. दूध आटत आलं, निम्म्यावर आलं, मोठे बुडबुडे जाऊन बारीक आले.

गजराबाईनं ओंडक्यांशी जरा खुडबुड केली, पदरानं घाम पुसला आणि परत दांडा धरला. दोन फेरे घेतले. आणि हात थांबवला.

"काय झालं?" आण्णा म्हणाले.

"काय न्हाय. दाणा धरतेय."

कढईत बारीक बारीक गुरगुर चालली होती.

"हलव की."

"तुमीच म्हणला हुता, दाणा मोडतो. पाटीबी हाय भितीला."

"ती पाटी परकल्पाची! हितं हलव!"

"आण्णा," गजराबाई दांडा धरून, कढईकडं बघत म्हणाली, "सायबाला घरी दर महिन्याला लागंल खवा. तुमच्या घरी सणवार हायती. दूध कुठनं आणू म्या? सगळं तर तुमच्याकडं जातंय. रोजचं चाळीस लिटर हुतं माझं."

"बगू फुडं. आदी हलव."

"फुडं कवा?"

"गजराबाई, बुडाला लागाय लागलं! मला वास येतोय!"

"पाकाचा आसंल."

आण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांना समोर खडीसाखरेची ताटं दिसत असावीत, आणि ताटांमागं उभ्या असलेल्या कडूबाई. त्यांनी नाक वर करून पुन्हा वास घेतला आणि ते जवळजवळ ओरडलेच, "करपतंय! साफ करपलं! दिलं, दिलं चाळीस लिटर! उद्याच्याला सोसायटीत सांगतो. हलव!"

"रोजचं?"

"रोजचं! माझ्या आईची आण! हलव, माझे बाई!"

गजराबाईचा हात फिरायला लागला. कडेची साय मधे आली, बूड मोकळं झालं. दूध पांढरंशुभ्र होतं. आण्णांनी वाकून बघितलं, सुटकेचा श्वास सोडला आणि बाहेर जीपजवळ जाऊन खिशातून मोबाइल काढला.

तेवढ्यात धुळाप्पा परत आला. एक करडू मागं राहिलं होतं, ते न्यायला. भट्टीपाशी येऊन त्यानं खाली बघितलं, मग पुन्हा वाकून बघितलं. बाभळीचे दोन्ही ओंडके खळग्याच्या बाहेर, बाजूला पडले होते. त्यांच्यावर राख टाकलेली होती. कढईखाली विस्तव म्हणून नव्हता. नुसतं तापलेलं लोखंड तेवढं दुधाला गुरगुरवत होतं.

"अगं," तो म्हणाला, "जाळ कवा वढलास?"

"मगाशी. हात थांबवायच्या आदी."

"आन आण्णा हितंच हुतं?"

"हितंच. पाठीशी."

धुळाप्पानं बाहेर बघितलं. जीपला टेकून आण्णा मोठ्यानं फोनवर बोलत होते. "न्हाय, न्हाय, साहेब, तुम्ही निश्चिंत ऱ्हावा. म्या सोता उभं ऱ्हाऊन करून घेतोय. त्याचं कसं आसतं, हात जरा थांबला की वास येतो. मला लगेच कळतं."

धुळाप्पा तोंड उघडणार होता. गजराबाईनं मानेनंच नको म्हटलं.

"ती दोन लाकडं आत सार," ती म्हणाली. "खवा व्हायचा हाय अजून."